विहीणबाईंचा डबा

मी फटकळ आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, पण लपवतही नाही. तुर्भ्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला एकोणीस वर्षं काढली. पाच मिनिटं उशिरा येणाऱ्याला लाल शेरा मारताना माझा हात कधी थबकला नाही, मग तो युनियनचा पुढारी असो नाहीतर साहेबाचा मेहुणा. आमचे हे, म्हणजे श्यामसुंदर, म्हणायचे, मीना, तुझ्या जिभेला हाड नाही हे मान्य, पण निदान ब्रेक तरी असावा. चार वर्षांपूर्वी ते गेले. वर्षभरात कारखानाही बंद पडला. नेरुळच्या दोन खोल्यांत मी एकटी उरले आणि जीभ चालवायची तर समोर माणूसच नाही, अशी गत झाली.

मुलगी एकच, प्राची. तिचं लग्न ब्याण्णव साली पार्ल्याच्या घरात झालं. जावई केयूर आखातात नोकरीला, पगार चांगला, मुलगा शांत. कोणत्या देशात ते सांगत नाही. त्या देशाचं नाव अजून माझ्या तोंडातून निघत नाही.

त्या लग्नात मी एक वाक्य बोलले होते, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वरपक्षाच्या पंगतीत जिलबी गार वाढली गेली म्हणून विहीणबाई पानावरून उठल्या. सगळे त्यांची मनधरणी करत होते. मी सकाळपासून उपाशी, पायाचे तुकडे पडलेले. मी म्हटलं, "गार झाली म्हणून जिलबीचं विष होत नाही." पुढं सहा महिने विहीणबाई प्राचीशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलले मी आणि भोगलं तिनं. तेव्हा मी देवापुढं बसून ठरवलं की जगात कुणालाही काहीही बोलेन, पण या बाईसमोर तोंड उघडणार नाही. मुलीच्या आईनं वरमाईपुढं मान खालीच घालायची असते, हे आमच्या आईनं सांगितलेलं मला पन्नाशीत पटलं.

शहाण्णवच्या सुरुवातीला प्राचीला दिवस गेल्याची बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही वेगळं ठरवावं लागत नाही. मी कोपऱ्यातला पलंग हलवून खिडकीपाशी घेतला, शेगडी आणून ठेवली, गाद्या उन्हात टाकल्या. पण सहाव्या महिन्यात तिला त्रास सुरू झाला आणि डॉक्टरनं तिचा प्रवास बंद केला. फोनवर ती रडायला लागली. "आई, मला इथं एकटीला भीती वाटते गं. तू ये," म्हणाली. मी उभ्या जन्मात विमान जवळून पाहिलं नव्हतं, पण लगेच म्हटलं की येते.

मग तीन महिने कागद. पासपोर्टसाठी पोलीस घरी येऊन गेला. वाशीचा एजंट दत्तू म्हणाला, मावशी, पासपोर्टवर इमिग्रेशनचा शिक्का नसेल तर सहार विमानतळावरूनच परत पाठवतात, मॅट्रिक झालेल्याला तो लगेच मिळतो, तुमचं सर्टिफिकेट काढा. ते काढलं. केयूरनं तिकडून व्हिसा केला. त्याची फॅक्स कॉपी आली, मूळ कागद तिथल्या विमानतळावर मिळणार होता. प्रत्येक कागदाच्या मी तीन-तीन झेरॉक्स काढल्या आणि पिशवीत क्रमानं लावल्या. टाइम ऑफिसची सवय.

केयूरनं फोनवर एक गोष्ट दोनदा बजावली. इकडे खसखस आणायची नाही. इथल्या कायद्यात ती अफूच्या खात्यात जाते, एक दाणा सापडला तरी माणसाला अडकवतात. मी म्हटलं, बरं झालं सांगितलंस. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात खसखस नाही म्हणजे मला चुकल्यासारखं वाटत होतं, पण मी नाही घातली. खारीक, खोबरं, डिंक, गूळ, जायफळ, बस्स. कढई, पाटा, परात सगळं आधी घासून घेतलं. घरातली खसखशीची बरणी तळमजल्यावरच्या चांगुणाबाईला देऊन टाकली.

चांगुणाबाई मूळच्या सारसोळ्याच्या, म्हणजे इथल्याच जुन्या गावच्या. त्यांच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवरच आमची बिल्डिंग उभी राहिली. त्यांच्या मुलानं, मितेशनं ती बांधली आणि खालचे दोन गाळे स्वतःला ठेवले. बाई कधीकाळी पहाटे मासे धरायला खाडीत उतरायच्या, आता गॅलरीत बसून पेन्शनर लोकांवर लक्ष ठेवतात. माझ्या घराची दुसरी किल्ली आणि तुळशीला अधूनमधून पाणी घालायचं काम मी त्यांच्याकडंच दिलं.

निघायच्या दिवशी सोसायटीचे लोक खाली जमले. कुणी हार आणला, कुणी पेढे. सेक्रेटरींनी दोन शब्द बोलतो म्हणून दहा मिनिटं घेतली. दुपारचं विमान होतं. मितेशनं स्वतःची सुमो काढली आणि चांगुणाबाईही सहार बघायला म्हणून पुढच्या सीटवर बसल्या. मला खरं सांगायचं तर त्या दिवशी फार आनंद झाला होता. चार वर्षांत मला कुणी कुठं बोलावलं नव्हतं आणि आता मी माझ्या लेकीचं माहेरच बॅगेत भरून निघाले होते.

सहारला बाहेर कठड्यापाशी विहीणबाई उभ्या होत्या. सोबत त्यांचे यजमान आणि त्यांची एक नणंद. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पिशवीतून एक डबा काढला. पूर्वी पोस्टानं पार्सल पाठवायचे तसा पांढऱ्या मांजरपाटात शिवलेला, टाके बारीक, आणि वर निळ्या पेन्सिलीनं 'चि. केयूर यास' लिहिलेलं.

त्या म्हणाल्या, "डिंकाचे लाडू आहेत. केयूरला माझ्याच हातचे लागतात. सुनेलाही दोन द्या."

खसखस घातलीय का, एवढंच विचारायचं होतं. तीन शब्द. ते अगदी ओठावर आले होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. नणंद बघत होती, यजमान बघत होते. मुलीच्या आईनं वरमाईला विमानतळावर चार लोकांत विचारायचं, तुम्ही लाडवात काय काय घातलंय? मला जिलबी आठवली. मनात म्हटलं, मुलगाच तिकडं राहतो, तर त्यानं आईला सांगितलं नसेल का? मी विचारलं नाही. विहीणबाईंनी स्वतः माझ्या बॅगेचा पट्टा सोडून डबा आत बसवला, वरून साडी नीट केली आणि पट्टा आवळला.

आत गेल्यावर लाइनीत सव्वा तास होते. बॅग पायाशीच होती. शिवण उसवून आत बघायला दोन मिनिटं पुरली असती, कचऱ्याचा डबाही समोर होता. पण उसवलेली शिवण केयूरला दिसणार, तो आईला सांगणार, आणि ऐन बाळंतपणात प्राचीच्या डोक्याला ताप होणार. म्हणून मी हात लावला नाही. दुसऱ्याची चूक पाच मिनिटांची असली तरी पकडणारी मी, स्वतःच्या डोळ्यांसमोर ती सव्वा तास पडू दिली. बॅग पट्ट्यावरून आत गेली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे.

इमिग्रेशनच्या रांगेत माझ्या पुढंमागं सगळे मजूर. हातात इंग्रजी फॉर्म आणि चेहऱ्यावर भीती. एकानं बिचकत माझ्यापुढं पासपोर्ट धरला. त्याचा फॉर्म भरून दिला तर आणखी तिघे आले. चौघांना नाव कुठं, सही कुठं, हे दाखवून दिलं आणि एकाला नेहमीच्या सवयीनं दटावलंही की पासपोर्ट घडी करायचा नसतो. काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं माझी पानं उलटली, शिक्का पाहिला, एकट्याच का म्हणून विचारलं. लेकीच्या बाळंतपणाला, असं मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. तो हसला आणि त्यानं शिक्का मारला. मला वाटलं, झालं, एवढंच तर होतं.

विमानात मात्र त्या डब्यानं पिच्छा पुरवला. समोर जेवण आलं, ते गेलं नाही. घातली असेल, नसेल घातली. घातली असेल, नसेल घातली. शेजारचा माणूस झोपला होता आणि मी देवाला सांगत होते की या खेपेला सांभाळ, परत कुणाला उलट बोलणार नाही.

उतरल्यावर व्हिसाचा मूळ कागद मिळाला. तिथला इमिग्रेशनवालाही काही न बोलता शिक्का मारून मोकळा झाला. बॅग आली. पुढं एक शेवटचं टेबल आणि त्याच्यापलीकडं आपोआप उघडणारं काचेचं दार. माणूस बाहेर पडला की दार उघडायचं, बाहेरची गर्दी दिसायची आणि पुन्हा मिटायचं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा मला प्राची दिसली. पिवळा सैल कुडता, एका बाकावर बसलेली, एक हात कमरेवर. तिचे पाय सुजले होते, ते इतक्या लांबूनही मला दिसलं.

टेबलावरच्या माणसानं बॅग उघडायला सांगितली. त्याला हिंदी येत होतं. माझे लाडू त्यानं बघितले, हुंगले, बाजूला ठेवले. मग मांजरपाटातला डबा उचलून पातं फिरवलं. झाकण निघालं आणि मला विचारायचीही गरज उरली नाही. विहीणबाईंनी लाडू नुसते खसखस घालून केले नव्हते, ते वरून खसखशीत घोळवले होते. मोठ्या घरची रीत. एकसारखे, पांढरे, देखणे लाडू.

त्यानं दुसऱ्या माणसाला बोलावलं. मग तिसरा आला. एकानं कपड्यावरचं नाव वाचून घेतलं आणि विचारलं की हा केयूर कोण. व्हिसावरही तेच नाव होतं. मी म्हटलं, जावई. त्यानं हिंदीत विचारलं, "हे त्यानं मागवलंय? कुणी दिलंय तुमच्याकडं?"

टाइम ऑफिसात मी खोटं बोलणारे खूप बघितले होते. स्वतः बोलायची वेळ आली नव्हती. त्याच्या आईनं त्याच्यासाठी दिलं, असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न त्यालाच विचारला गेला असता. नोकरी त्याची, घर त्याचं, बायको भरल्या दिवसांची. मी म्हटलं, "मी केलेत. मीच शिवलं. त्याला काही माहीत नाही."

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. प्राची उभी राहिली होती आणि टाचा उंचावून आत बघत होती. तिनं मला बघितलं असतं तर ती धावत आली असती, आणि त्या अवस्थेत तिनं धावायला नको होतं. मी तिच्याकडं पाठ केली. दार मिटेपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. जिच्यासाठी समुद्र ओलांडून आले तिला पंचवीस पावलांवरून तोंडसुद्धा दाखवलं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम तेच होतं. नवरा गेला तेव्हा निदान चार माणसं धरायला होती.

मला एका खोलीत नेलं. डबा तोलला, माझे लाडूही एकेक करून फोडले. एक बुरख्यातली बाई माझ्यावर लक्ष ठेवून होती, तिनं दोनदा पाणी दिलं. माझं म्हणणं लिहून घेतलं आणि मी खाली स्वच्छ इंग्रजीत सही केली. मोठा साहेब आला. त्यानं माझं वय विचारलं, किती मुलं विचारलं, आणि बराच वेळ कागद बघत बसला. शेवटी म्हणाला की तुम्हाला आत टाकत नाही, पण या देशात पाऊल ठेवता येणार नाही. पुन्हाही नाही. पासपोर्टवर त्यानं काहीतरी मारलं. ते उजवीकडून डावीकडं लिहिलेलं होतं, मला वाचता येईना. फोन करू द्या म्हटलं, तर नाही म्हणाले. त्यांनीच बाहेर निरोप दिला. प्राची त्या बाकावर पाच तास बसली होती, हे मला मागून कळलं.

दुसऱ्या दिवशीच्या विमानानं परत आले. सहारचा इमिग्रेशनवाला पानं उलटून म्हणाला, कालच गेलात ना? मी हो म्हटलं. बॅग हलकी झाली होती. बाळाची दुपटी, झबली, माझ्या जुन्या साड्यांच्या गोधड्या तेवढ्या परत दिल्या होत्या. हार मात्र पिशवीत तसाच होता. तो मी टॅक्सीतून वाशीच्या पुलावर खाडीत टाकला.

दार उघडताना फोन वाजतच होता. पलीकडं केयूर. त्याला राग आला होता, पण तो आवाज चढवणारा नाही. म्हणाला, आई, मी दोनदा सांगितलं होतं. मग प्राचीनं फोन घेतला. तिच्या रडण्यात मला एकच वाक्य नीट ऐकू आलं.

"तुला सांगितलं होतं तरी घातलीसच ना? तुझा हट्ट एक दिवस तरी बाजूला ठेवायचास, आई."

मला वाटलं होतं, माझी मुलगी म्हणेल, आई असं करणारच नाही. एवढं एक वाक्य ती म्हणाली असती तर मी सगळं ओकले असते. पण तिनं क्षणभरही शंका घेतली नाही. जन्मभर मी ज्या जिभेनं वागले त्याचं हे फळ होतं. मी म्हटलं, चुकलं बाळा. ती म्हणाली, आता मी काय करू?

दोन दिवस मी घरात दिवा लावला नाही, खिडकी उघडली नाही. दूध बंद, पेपर बंद, सगळ्यांच्या हिशेबी मी परदेशात. जिन्यावरून लोक जायचे, कुणी म्हणायचं, मीनाताई पोचल्या असतील, मजा आहे. मी आत वरणभात कालवून बसलेले. खिडकीजवळचा पलंग, शेगडी, सगळं तसंच मांडलेलं. इतकी एकटी मी हे गेले तेव्हाही नव्हते.

तिसऱ्या दिवशी कुलूप फिरलं. तुळशीला पाणी घालायला आलेल्या चांगुणाबाई दारात थबकल्या आणि कळशी त्यांच्या हातून सुटली. भूत नाही हे पटल्यावर त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. मी जे सगळ्यांना सांगणार होते तेच सांगितलं, की माझ्या लाडवात खसखस निघाली.

त्या म्हणाल्या, "बाय, खसखशीची बरनी माज्या घरात हाय. तू कंची घातलीस? मी सुमोजवल उबी व्हती. तो डबा तुज्या ईनीनं दिला, मी माज्या डोल्यानी बगला."

त्या उठल्या आणि म्हणाल्या की फोन लाव, मी सांगते तुझ्या पोरीला. मी त्यांचा हात धरला. त्यांना शपथ घातली. का, ते त्यांना समजावून सांगताना मला स्वतःला कळलं. मला तर आता जाता येणार नव्हतं. प्राचीजवळ जाऊ शकेल अशी बाई जगात एकच उरली होती, तिची सासू. ती दुखावली आणि रुसून बसली, तर माझी पोर परक्या मुलखात एकटी बाळंत होणार होती.

चांगुणाबाई म्हणाल्या, "तुजी जीब कुटं गेली ग?" आणि सांडलेलं पाणी पुसायला लागल्या.

आठवड्यानं विहीणबाई यजमानांना घेऊन नेरुळला आल्या. लग्नानंतर माझ्या घरी पहिल्यांदाच. केयूरनं त्यांचा व्हिसा काढला होता, चार दिवसांत निघायचं होतं. मी चहा केला, पोहे केले. पोहे संपल्यावर बशी खाली ठेवून, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तुमच्या लाडवांत घातली होती का हो खसखस?"

आवाजात नेहमीची धार नव्हती. त्या कप घट्ट धरून बसल्या होत्या. मी त्यांच्या मुलाला कपड्यावरच्या नावाबद्दल काही सांगितलं असेल का, हे त्यांना जाणून घ्यायचं असावं. किंवा खरंच माहीत नसावं. त्या क्षणी माझ्या मनात काय काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. यजमान माझ्या उत्तराची वाट बघत होते.

मी म्हटलं, "हो. माझ्याच लाडवांत होती. सवयीनं हात गेला."

त्यांचे खांदे खाली आले. यजमान म्हणाले, बघ, मी म्हटलं नव्हतं? आणि मग विहीणबाई हळूहळू मूळ पदावर आल्या. एवढं सांगूनही असं कसं करता, परदेशात जाताना किती काळजी घ्यायला हवी, नशीब केयूरच्या नोकरीवर आलं नाही. मी ऐकत होते. मान खाली होती. जाताना मी दुपटी, झबली आणि गोधड्यांची पिशवी त्यांच्या हाती दिली आणि प्राचीला पाठीला गरम तेल लावून दिलं की झोप लागते, एवढं सांगितलं. त्यांनी हो म्हटलं.

त्या सुखरूप पोचल्या. बारा दिवसांनी मुलगा झाला. केयूरचा फोन आला तेव्हा मी पेढे आणून सोसायटीत वाटले, आणि सेक्रेटरींनी पुन्हा दोन शब्द सांगितले.

बाळाच्या बाराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. प्राचीचा आवाज मोकळा होता. बाळाचे कान तिच्या बाबांसारखे आहेत म्हणाली. रोज मालिश होतं, शेक होतो. मग म्हणाली की डिंकाचे लाडू इथंच केले, बिनखसखशीचे, काही फरक पडत नाही गं, तू उगाच. मी म्हटलं, हो ना. ती म्हणाली, थांब हं, याला घ्यायचंय, आणि फोन विहीणबाईंच्या हातात गेला.

त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "मी इथं उतरले तेव्हा विमानतळावरच्या त्या टेबलापाशी त्यांनी भिंतीवरची चित्रं दाखवली. काय आणायचं नाही त्याची. खसखशीचं बोंड होतं त्यात. मला तेव्हाच कळलं. तुमच्या घरी आले तेव्हाही मला शंका होतीच." आणि पुढं म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही विचारलं असतंत ना, तर मी खरंच रागावले असते."

मी म्हटलं, "माहीत होतं मला."

"मी सांगते प्राचीला. आज सांगते. सांगू ना?"

या वाक्याची मी दीड महिना वाट बघत होते. रात्रंदिवस. हो म्हणायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मागून प्राचीची हाक आली. "आई, या ना जरा, हा थांबतच नाहीये." लग्नाला चार वर्षं झाली, तिनं त्यांना कधी आई म्हटलं नव्हतं. अहोवर भागवायची. आता ती हाक सहज आली होती, पन्नास वेळा मारलेली असावी अशी.

विहीणबाईंनी पुन्हा विचारलं, "सांगू ना?"

मी म्हटलं, "पोर रडतंय. तुम्ही जा आधी."

त्या गेल्या. रिसीव्हर घाईत बाजूला ठेवला असावा, कारण फोन चालूच होता. मला त्यांची पावलं ऐकू आली. मग कुठंतरी वाटी-चमचा वाजला. प्राची काहीतरी म्हणाली, विहीणबाई हसल्या, मग प्राचीही हसली. बाळ अजून रडत होतं, पण हळूहळू त्याचा आवाज कमी होत गेला. मी रिसीव्हर कानाला घट्ट लावून पलंगावर बसले आणि श्वाससुद्धा जपून घेऊ लागले. बाळ निजलं असावं. खोलीतला पंखा ऐकू येत होता, आणि त्या दोघी अगदी हळू आवाजात बोलत होत्या. कुणीतरी येऊन फोन जागेवर ठेवेपर्यंत मी ऐकत बसले.